मुंबई हाय ते अंदमान : समुद्राखालचं तेल आणि आपलं वावर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला सांगितलं, 'तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल, पण आम्हाला समजेल असं बोल.' मी पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. समुद्राच्या तळाखाली तेल आणि वायू शोधताना जी प्रचंड माहिती गोळा होते, ती चाळून तिचं चित्र बनवणाऱ्या प्रोग्रामवर आमची टीम काम करते. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण तेल शोधणाऱ्यांच्या शेजारी बसून बारा वर्षं झाली, त्यामुळे बातमी कुठे संपते आणि अंदाज कुठे सुरू होतो एवढं कळायला लागलं आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

हा विषय घेण्याचं कारण आपला बॅचचा ग्रुप. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात वायू सापडल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज फिरला, 'अंदमानात तेलाचा समुद्र सापडला, आता डिझेल चाळीस रुपये लिटर.' त्यावर मला तीन प्रश्न आले. एक शेती करणाऱ्या मित्राचा : 'हे खरं हाय का? ट्रॅक्टरचं कर्ज आहे डोक्यावर, डिझेल खरंच उतरंल का?' दुसरा गमतीचा : 'समुद्रात निघते, तर आपल्या नांदगावात काहून निघत नाही?' तिसरा प्रश्न एका मैत्रिणीने रात्री वेगळा फोन करून विचारला. तिचा मुलगा बारावीला आहे. 'आता या लाईनला खूप नोकऱ्या येतील म्हणतात. पेट्रोलियम इंजिनिअरिंगला टाकू का? बाहेरच्या खासगी कॉलेजची फी मोठी आहे, दोन एकर काढावं लागंल.'

दोन एकर विकायचं की नाही हे एखाद्या फॉरवर्ड मेसेजवर ठरू नये, म्हणून हे भाषण.

माझ्या वयाच्या सगळ्यांना एक रुपयाची नोट आठवत असेल. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक यंत्र छापलेलं असायचं. ते होतं 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधून घेतलेली ही रिग १९७३ मध्ये भारतात आली. रिग म्हणजे समुद्रात उभं राहून विहीर खोदणारं यंत्र, आपल्या बोअरच्या गाडीची फार मोठी बहीण समजा. जानेवारी १९७४ च्या अखेरीस तिने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात खोदायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे, आणि तेलाचा मुख्य थर तळाच्या खाली आणखी एक किलोमीटरहून जास्त. त्या जागेचं नाव पडलं बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय. 'हाय' म्हणजे उंचवटा. जमिनीखाली गाडला गेलेला खडकांचा उंचवटा.

हे तेल लागलं तो काळ लक्षात घ्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. देशाकडे परकीय चलन नव्हतं. इथे रॉकेलच्या डब्यासाठी रेशन दुकानासमोर रांगा लागत. अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल निघालं, म्हणून ते नोटेवर गेलं.

आता ते तेल तिथे आलं कुठून? याचं उत्तर आपल्या वावरापासून सुरू होतं. नांदगावच्या कोणत्याही विहिरीत डोकावून पाहा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हारस. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर बसत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. आपली पऱ्हाटी, तूर, सोयाबीन ज्या काळ्या मातीत येतात ती याच दगडाची झीज आहे.

हा दगड पश्चिमेला सह्याद्रीपर्यंत जातो, घाट उतरतो, पनवेलजवळ त्याचे थर समुद्राकडे कलतात आणि पाण्याखाली शिरतात. मुंबई हायच्या परिसरात सर्वात खाली, तेलाच्या थरांच्याही खाली, जो पाया आहे त्याचा मोठा भाग हाच दख्खनचा बेसाल्ट आहे. म्हणजे आपल्या विहिरीच्या तळाला जो दगड लागतो, त्याचीच भावकी मुंबई हायच्या तळाशी आहे.

त्या काळात पश्चिम किनारा शांत नव्हता. आजचे सेशेल्स बेटांचे तुकडे भारतापासून तुटून दूर चालले होते. जमीन ताणली जात होती. ताण पडला की जमिनीचे काही पट्टे खचतात आणि मधले काही उंच राहतात. आपल्याकडचं उदाहरण पूर्णेचं खोरं. उत्तरेला मेळघाटच्या पायथ्याशी जमिनीत मोठा भ्रंश आहे, म्हणजे तडा, ज्याच्या एका बाजूची जमीन खाली सरकली. त्या खचलेल्या भागात नदीने शेकडो मीटर गाळ आणून भरला. दर्यापूर-भातकुलीकडे इतकी खोल माती लागते ती त्यामुळे. पश्चिम किनाऱ्यावर तसंच घडलं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर, आणि खचलेल्या भागात नदीऐवजी समुद्र शिरला.

तेल साठायला चार गोष्टी लागतात. पहिली, सेंद्रिय गाळ. खचलेल्या खड्ड्यांत चिखल साचला, त्यात मेलेले सूक्ष्म जीव आणि वनस्पती गाडल्या गेल्या, आणि खोल गेल्यावर पृथ्वीच्या उष्णतेने लाखो वर्षं मंद आचेवर शिजत त्यांचं तेल आणि वायू झाला. दुसरी, साठवणारा खडक. मुंबई हायला तो आहे चुनखडीचा. उंचवट्यावर समुद्र उथळ होता, तिथे शिंपल्यांसारख्या जिवांच्या कवचांचे थर साचले. त्यात बारीक छिद्रं असतात. तिसरी, वर घट्ट चिकणमातीच्या खडकाचं झाकण. चौथी, आकार. तेल पाण्याहून हलकं, ते वर सरकतं आणि उंचवट्याच्या माथ्याखाली अडकतं. यातली एकही गोष्ट नसली तर तेल नाही. भूगर्भाची उलथापालथ झाली म्हणून खड्डा आणि उंचवटा मिळाला, आणि पुढे बराच काळ तुलनेने शांततेत गेला म्हणून झाकण टिकलं. दोन्ही लागतात.

आणखी एक गैरसमज. खाली तेलाचं तळं नसतं. आपल्या विहिरीचं पाणी जसं मुरमात आणि दगडाच्या भेगांत असतं, तसं तेल खडकाच्या छिद्रांत असतं. म्हणून ते सगळं कधीच निघत नाही. जगभरचा ढोबळ अनुभव असा की खाली असलेल्या तेलाचा तिसरा हिस्सा वर आला तरी चांगलं. बाकी खडकालाच चिकटून राहतं.

आता माझ्या कामाचा भाग. हे सगळं खाली आहे हे खोदण्याआधी कळतं कसं? आपल्याकडे बोअर मारायच्या आधी पाणाड्या बोलावतात. तळहातावर नारळ ठेवून तो वावरभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. समुद्रात आमचा नारळ म्हणजे आवाज. जहाजाच्या मागे हवेच्या बंदुका ओढत नेतात, त्या दर काही सेकंदांनी दाबलेली हवा पाण्यात सोडतात. तो आवाज तळातून खाली जातो आणि प्रत्येक थरावर थोडा थोडा परत फिरतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब केबल असतात, त्यांवर हजारो कान बसवलेले असतात. ते प्रतिध्वनी टिपतात. याला सिस्मिक सर्व्हे म्हणतात. खंबातच्या आखाताकडचा असा सुरुवातीचा सर्व्हे १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या जहाजाने केला होता.

केबलवर येतो तो फक्त वेळ. आवाज गेला, इतक्या सेकंदांनी परत आला. त्या वेळेची खोली करायची तर प्रत्येक थरात आवाजाचा वेग किती हे ठरवावं लागतं. पाण्यात तो सेकंदाला साधारण दीड किलोमीटर असतो, आपल्या काळ्या पाषाणात पाच किलोमीटरच्या आसपास. वेगाचा आकडा थोडा चुकला की पडद्यावर जिथे उंचवटा नाही तिथे उंचवटा दिसतो, आणि तिथे कोणी शेकडो कोटींची विहीर खोदू शकतं. प्रोग्राम लिहिताना मला सतत याची जाणीव ठेवावी लागते. पडद्यावर रंगीत, गुळगुळीत चित्र येतं, मंत्री ते पाहतात, वर्तमानपत्रं छापतात. पण ते फोटो नसतो. प्रतिध्वनींवरून बांधलेला तो अंदाज असतो. खरं काय ते विहीर खोदल्यावर कळतं. चांगली तयारी करून खोदलेल्या शोध-विहिरींपैकीसुद्धा बऱ्याच कोरड्या जातात. बोअर फेल गेली की घरात काय होतं हे या सभागृहात मी कोणाला सांगायला नको.

तेलाच्या बातमीत दोन शब्द नेहमी एकमेकांत मिसळले जातात. एक 'संभाव्य साठा' आणि दुसरा 'सिद्ध साठा'. संभाव्य साठा म्हणजे आवाजावरून आणि शेजारच्या खडकांवरून बांधलेला अंदाज. सिद्ध साठा म्हणजे विहिरी खोदून, चाचणी घेऊन, आजच्या भावात आणि आजच्या यंत्रांनी काढता येईल असं तपासलेलं तेल. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली गोष्ट म्हणजे ऑगस्टमध्ये पऱ्हाटी पाहून केलेला अंदाज, आणि दुसरी म्हणजे वेचून, गाडीत भरून, जिनिंगच्या काट्यावर तोललेला कापूस. मधे बोंडअळी आहे, अवकाळी पाऊस आहे, वेचणीची मजुरी आहे. अंदाजावर मुलीचं लग्न काढणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

मुंबई हायची पायरी-पायरी पाहा. १९६० च्या दशकात समुद्रातला शोध सुरू झाला. १९७० मध्ये खंबातच्या आखातात अलियाबेट इथे पहिली विहीर खोदायला घेतली, त्यातून मोठं काही हाती आलं नाही. १९७४ ला मुंबई हायला तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि हे जगात त्या काळी फार वेगवान मानलं गेलं. सुरुवातीला तेल टँकर जहाजांतून आणत, मग समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली. ऐंशीच्या दशकात उत्पादन शिखरावर गेलं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातला निम्म्याहून बराच जास्त वाटा तेव्हा देशातच निघत होता. त्यानंतर उतार लागला. खडकातला दाब कमी होतो, तेलाबरोबर पाणी जास्त येऊ लागतं. आज मुंबई हाय त्याच्या शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तेल देतं. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन पुन्हा वाढवण्यासाठी बीपी या कंपनीची तांत्रिक मदत घ्यायचं ठरवलं. आणि तो नोटेवरचा 'सागर सम्राट' आता खोदकाम करत नाही, त्याचं रूपांतर करून २०२२ पासून तो उत्पादनाच्या कामाला लावला आहे. पन्नास वर्षांनीही म्हातारा कामावर आहे.

या तेलाचा नांदगावला काय उपयोग झाला? डिझेल आणि सिलिंडर सगळ्यांना दिसतात. मला वाटतं सगळ्यात मोठी गोष्ट खताच्या गोणीत आहे. मुंबई हाय आणि शेजारच्या वसई क्षेत्रातला वायू किनाऱ्यावर येतो, आणि अलिबागजवळ थळला आरसीएफचा जो युरियाचा कारखाना आहे, तो याच वायूच्या भरवशावर उभा राहिला. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया, आणि अमोनियाचा युरिया. हाजिऱ्याहून निघालेल्या लांब पाइपलाइनने हाच वायू उत्तर भारतातल्या खत कारखान्यांपर्यंत गेला. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकार बाकीचा खर्च भरतं म्हणून. देशातला वायू पुरेना झाला तसा तो आता परदेशातून थंड करून, द्रवरूपात, जहाजांनी येतो. तिकडे युद्ध झालं, भाव वाढले, की सरकारचा अनुदानाचा खर्च वाढतो, आणि पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रासमोर रांग लागते. समुद्राखालचा साठा आणि आपलं वावर यांचा संबंध इतका जवळचा आहे.

त्याची किंमत मोजणारी माणसंही आहेत, त्यांची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. २६ जुलै २००५ ला मुंबई पाण्यात बुडाली हे सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायमध्ये एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं, ते लाटांनी प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायू वाहून नेणारा उभा पाइप फुटला आणि आग लागली. दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली, साडेतीनशेहून जास्त वाचवली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात 'पी-३०५' हा कामगारांचा तराफा आणि 'वरप्रदा' ही टग बोट बुडाली, दोन्ही मिळून ऐंशीहून अधिक जण गेले. त्यांत वेल्डर होते, फिटर होते, आचारी होते, देशभरातल्या लहान गावांतून आलेले. पेट्रोल पंपावर भावाला नावं ठेवताना ही माणसं माझ्या डोळ्यांसमोर येतात.

आता अंदमान. तिथली गोष्ट मुंबई हायपेक्षा वेगळी आहे. पश्चिम किनाऱ्यावरची मोठी उलथापालथ कोट्यवधी वर्षांपूर्वीची. अंदमानात ती आजही चालू आहे. तिथे भारताचा भूपट्ट, म्हणजे ज्या प्रचंड शिळेवर आपण सगळे बसलो आहोत ती, पूर्वेकडच्या भूपट्टाच्या खाली सरकते आहे. २६ डिसेंबर २००४ चा महाभूकंप आणि त्सुनामी याच पट्ट्यातली. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, तोही तिथलाच.

अशा जागी तेल-वायू असू शकतो का? हो, असू शकतो. याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला इंडोनेशियात सुमात्राच्या उत्तरेला अरुन नावाचं फार मोठं वायुक्षेत्र १९७१ मध्ये सापडलं, आणि त्याने अनेक वर्षं वायू दिला. उत्तरेला म्यानमारच्या समुद्रातही वायू निघतो. म्हणून मधल्या अंदमानाकडे आशेने पाहणं अगदी बरोबर आहे. पण जिथे जमीन अजून हलते आहे तिथे अडचणीही जास्त. नवे तडे पडून वरचं झाकण फुटलेलं असू शकतं आणि वायू केव्हाच निघून गेलेला असू शकतो. थर इतके वाकलेले-चुरगळलेले असतात की आवाजाचं चित्र धूसर येतं. आमच्या कामात अशी जागा सर्वात अवघड.

सप्टेंबर २०२५ ची बातमी नेमकी काय होती ते आता सांगते. ऑइल इंडिया या सरकारी कंपनीला 'श्री विजयपुरम-२' या विहिरीत नैसर्गिक वायू आढळला. जागा अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटर, पाण्याची खोली २९५ मीटर. सुमारे २,२०० मीटर खोलीवरच्या थराची चाचणी घेतली तेव्हा वायू आला, थांबून थांबून पेटला, आणि त्यात ८७ टक्के मिथेन होता. ही चांगली बातमी आहे. तिथे सेंद्रिय गाळ शिजून वायू तयार झाला आहे, एवढं तिने दाखवलं. साठा किती मोठा, तो काढणं परवडेल का, हे त्या बातमीत नव्हतं. तेलाचा तर उल्लेखच नव्हता. 'तेलाचा समुद्र' आपल्या ग्रुपवर तयार झाला.

अंदमानात वायूची खूण मिळण्याची ही पहिलीच वेळही नव्हे. १९८० च्या सुमारास तिथल्या एका विहिरीत वायू मिळाला होता, पण त्यातून उत्पादन उभं राहिलं नाही. आणि जिथे उत्पादन उभं राहतं तिथेही जपूनच बोलावं लागतं. कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात २००२ मध्ये वायूचा मोठा शोध लागला, २००९ मध्ये वायू येऊ लागला, देशभर आनंद झाला, आणि २०१० नंतर उत्पादन वेगाने घसरलं. खडक आधीच्या अंदाजाप्रमाणे वागला नाही.

आता ग्रुपवरच्या तीन प्रश्नांची उत्तरं.

डिझेल स्वस्त होईल का? अंदमानच्या बातमीने येत्या काही वर्षांत तरी नाही. आज आपण शंभरातलं पंच्याऐंशी भागांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. पंपावरचा भाव जागतिक बाजार आणि केंद्र-राज्याचे कर यांवर ठरतो. अंदमानात पुढे सगळं मनासारखं झालं तरी आणखी विहिरी, मोजमाप, प्लॅटफॉर्म, किनाऱ्यापर्यंत वाहतूक, यात सहज दहा वर्षं जातात. ट्रॅक्टरच्या हप्त्याचा हिशेब आजच्या भावावरच करा. पंप सौरऊर्जेवर नेता येत असेल तर ते मोजून पाहा. तो हिशेब आपल्या हातात आहे.

नांदगावात का निघत नाही? आपल्या खाली शेकडो मीटर काळा पाषाण आहे. लाव्हात सेंद्रिय गाळ नसतो, त्यामुळे त्यात तेल तयार होत नाही. क्वचित दुसरीकडून आलेलं तेल त्याच्या भेगांत साठतं, बडोद्याजवळ पादऱ्याला तसं आहे. पण तिथे शेजारी तेल बनवणारा गाळ आहे. मग पाषाणाच्या खाली काय आहे? शिवरात्रीला आपल्यापैकी कित्येक जण सालबर्डीला जातात. तिथे जमीन उचलली गेल्यामुळे पाषाणाखालचे जुने वालुकाश्म उघडे पडले आहेत, डायनोसॉरचे अवशेषही तिथे मिळाले आहेत. म्हणजे खाली जुने खडक आहेत. पण त्यावरून तेल आहे असं म्हणायला काहीच आधार नाही. शिवाय आमचा आवाज या पाषाणात शिरला की विखुरतो, खालचं नीट दिसत नाही. नांदगावच्या जमिनीने आपल्याला कापूस दिला आहे, तूर दिली आहे, तेवढ्यावर समाधान मानू.

तिसरा प्रश्न माझ्या मैत्रिणीचा. मुलाला खडकाची, नकाशाची, गणिताची आवड असेल तर त्याला जरूर शिकव. पण सुरुवात महागड्या खासगी कॉलेजपासूनच करायला पाहिजे असं नाही. अमरावतीला आपल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे. नागपूरला लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीमध्ये पेट्रोकेमिकलचं शिक्षण आहे. भूगर्भशास्त्र शिकलेल्याला तेल नाही तर भूजल आहे, खाणी आहेत, धरणं आणि बोगदे आहेत. आपल्या भागात पाणी शोधणाऱ्या शिकलेल्या माणसाची गरज तेलवाल्यापेक्षा जास्त आहे. पेट्रोलियम ही एकाच धंद्यावर उभी असलेली पदवी आहे, आणि तो धंदा भावाबरोबर वर-खाली होतो. २०१४ ते २०१६ मध्ये तेलाचा भाव कोसळला तेव्हा जगभर या क्षेत्रातल्या लाखो नोकऱ्या गेल्या. त्यासाठी दोन एकर विकू नको. वावर एकदा गेलं की परत येत नाही.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. नववी-दहावीच्या मुलांसाठी वर्षातून एक तास मला द्या, ऑनलाइन चालेल. सिस्मिकचा खरा नमुना पडद्यावर दाखवीन आणि मुलांना विचारीन, 'यात उंचवटा आहे का? तुला कशावरून वाटतं?' भूगोलाच्या तासाला सर आम्हाला हेच विचारायचे : 'हे तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कसं कळलं?' तेव्हा आम्हाला वाटायचं सर उगाच छळतात. आज माझं सगळं काम त्या दोन प्रश्नांवर चालतं. आणि मित्रांनो, ग्रुपवर पुढचा मेसेज ढकलण्याआधी हे दोन प्रश्न विचारायला आपल्यालाही काही खर्च येत नाही.